राठवीला दुसरं पुणं नाही : बडोद्यातल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

बडोद्यातली सर्व मराठी मंडळं, वाचनालयं, भजनी मंडळं आणि साहित्यसंस्था यांच्या अध्यक्षांना व सभासदांना,

सप्रेम नमस्कार.

मी दांडिया बझारात जन्मले, तिथेच वाढले, आणि नोकरीची एकतीस वर्षं आपल्याच शहरातल्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून काढली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या कार्यक्रमांना मी मागच्या रांगेत असते. २०१८ मध्ये साहित्य संमेलन बडोद्यात भरलं तेव्हा तिन्ही दिवस रजा टाकून हजर होते. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत पेढे वाटले. मीही वाटले. त्या दिवशी घरोघरी एकच वाक्य ऐकलं : "चला, सरकारने दखल घेतली एकदाची."

त्या वाक्यापाशी मी अडखळले आणि तेव्हापासून हे पत्र मनात आहे. तुम्ही सगळ्यांनी मिळून गुजरात सरकारकडे एक मागणी करावी, आणि ती मराठीसाठी नसावी, अशी माझी विनंती आहे. मागणी राठवीसाठी करा. आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर, छोटा उदेपूर, कवांट, नसवाडी या भागात राठवा आदिवासी जी भाषा घरात बोलतात तिच्यासाठी. आपल्या सोसायटीचा पाया खोदला जातो किंवा गल्लीत केबल टाकायला खड्डा घेतला जातो तेव्हा कामगार आपापसांत कोणत्या भाषेत बोलतात ते कान देऊन ऐका. बहुतेक वेळा भिलीचंच एखादं रूप असतं, कधी दाहोदकडचं, कधी राठवी. आपण त्याला "गावठी गुजराती" म्हणून सोडून देतो. मीही वर्षानुवर्षं तेच म्हणत होते.

माझे डोळे एका पावसाळ्यात उघडले. कवांटकडची एक आई आठ महिन्यांच्या मुलाला घेऊन आली होती. जुलाब थांबत नव्हते. दोन दिवस सलाईन लावलं, पोर सावरलं, डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिला. मी स्वतः तिच्या हातात ओआरएसच्या चार पुड्या ठेवल्या आणि गुजरातीत नीट सांगितलं : एक लिटर पाणी उकळून गार करायचं, त्यात एक पुडी, आणि घोट घोट पाजत राहायचं. प्रत्येक वाक्याला ती "हा" म्हणाली. मी केसपेपरवर लिहिलं, "आईला समजावून सांगितले."

चौथ्या दिवशी ती परत आली. पोराचे डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. तिने एकेक पुडी वाटीभर पाण्यात कालवून औषधासारखी चमच्याने भरवली होती. पोर वाचलं, पण आठ दिवस लागले. तिची चूक काय? पुडी कळली होती, पाणी कळलं होतं, लिटर कळलं नव्हतं. आणि "कळलं नाही" हे सांगायला शब्द नव्हता. सरकारशी बोलायचा तिच्याकडे एकच शब्द होता, "हा". केसपेपरवरचं ते माझ्या हातचं वाक्य मी आजही विसरलेले नाही. ते खोटं होतं, आणि लिहिताना मला ते खरं वाटत होतं.

दुसऱ्यांदा डिस्चार्ज देताना आमच्या वॉर्डातल्या मासींना बोलावलं. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, इथल्या इस्पितळांत आयाबाईंना मासी म्हणतात. या मासी मूळच्या कवांटजवळच्या, ठेकेदाराच्या हजेरीवर लादी पुसायच्या. त्या त्या आईच्या शेजारी फरशीवर बसल्या. आधी गाव विचारलं, मग कोणाची सून ते विचारलं, आणि मग एक रिकामी प्लास्टिकची पाण्याची बाटली हातात घेऊन दाखवलं : ही भरून, एवढं पाणी. आईकडून सगळं पुन्हा वदवून घेतलं. ती चुकली तिथे दोघी हसल्या. दहा-बारा मिनिटं गेली. तोवर त्या आईचा आवाज मी ऐकलाच नव्हता, हे मला तेव्हा लक्षात आलं. केवढी बोलत होती ती! पोर कधीपासून आजारी, शेजारच्या वाडीत आणखी कोणाला जुलाब, विहिरीत काय पडलं होतं, सगळं. डॉक्टरांना दोन दिवस जे विचारून मिळालं नव्हतं ते त्या बारा मिनिटांत मिळालं.

त्यानंतर मासींना सगळीकडून बोलावणं येऊ लागलं. प्रसूती विभागातून, जळिताच्या वॉर्डातून, रात्री-बेरात्री. त्यांच्या हजेरीत मात्र शेवटपर्यंत लादीच पुसली जात होती. भाषेचा एक रुपया त्यांना कधी मिळाला नाही. ठेका बदलला, नव्या ठेकेदाराने नवी माणसं आणली, मासी घरी गेल्या आणि आमचा वॉर्ड पुन्हा मुका झाला. त्यांच्या जागेसाठी मी दोनदा अर्ज केला. असं पद मंजूर नाही, असं तोंडी उत्तर मिळालं.

मला जे म्हणायचं आहे ते सगळं या गोष्टीत आहे. आदिवासींच्या भाषा जपायच्या म्हणजे सरकारने काय करायचं, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर एवढंच : ती भाषा बोलणाऱ्या माणसाला, ती भाषा बोलण्यासाठी, पगार द्यायचा. अंगणवाडीत, पहिली-दुसरीच्या वर्गात, इस्पितळात. उत्सव, पुतळे, संचलनातली नृत्यपथकं यांना माझा विरोध नाही. पण वर्षातून एका दिवशी ढोल वाजवायला बोलावलेल्या माणसाची भाषा उरलेले तीनशे चौसष्ट दिवस कुठल्याच कचेरीत चालत नसेल, तर त्याचं पोर ती कशाला शिकेल?

मासींच्या घरी मी एकदा गेले होते, तेजगढच्या पुढे. त्यांच्या भावाने नवस फेडायला घरात पिठोरो, म्हणजे देवाचं भिंतभर चित्र, लिहून घेतला होता. हो, लिहून. राठवा लोक पिठोरो काढला असं म्हणत नाहीत, लिहिला म्हणतात, आणि लिहिणाऱ्याला लखारा म्हणतात. ओसरीची भिंत कुमारिकांनी शेणाने आणि पांढऱ्या मातीने सारवलेली, रंग दुधात आणि महुड्याच्या दारूत कालवलेले. भिंतभर घोडे, त्यांच्यात बाबा पिठोराची वरात, बारा डोक्यांचा पुरुष, खाली दरवाजाशी वाघ. रात्री बडवो, म्हणजे त्यांचा भगत, आला. अंगात आल्यावर तो भिंतीसमोर उभा राहिला आणि एकेका आकृतीकडे बोट करत नावं घेऊ लागला, जणू हजेरी घेतोय. जी आकृती राहून गेली ती लखाऱ्याने तिथल्या तिथे भरायची. भिंत त्या नावांशी जुळली तरच पिठोरो पुरा झाला.

माझ्या शेजारी मासींचा भाचा बसला होता, आश्रमशाळेत नववीत शिकणारा, हुशार, गुजराती अगदी शुद्ध. त्याला मी हळूच विचारत होते, हे काय म्हणाला, ते काय म्हणाला. निम्मं त्याने सांगितलं. मग एका जागी थांबला आणि म्हणाला, "ते जुनं आहे, मला नाही येत." पुढे तीन-चार वेळा तेच. भिंत तिथेच होती, घोडे ताजे होते, रंगही ओला होता. नावं मात्र त्याच्यापर्यंत पोचली नव्हती. सहाव्या वर्षी घरातून आश्रमशाळेत गेलेल्या मुलाला ती पोचणार तरी कधी? आणि राठवीला लिपी नाही असं आपल्याला कोण सांगतं, तर ज्यांनी लखारा पाहिलेला नाही ते.

आता सरकारकडे वळते. भाषेला सरकारी आधार हवा असेल तर आपल्याकडे मुख्य दारं दोन आहेत. एक घटनेच्या आठव्या अनुसूचीचं, म्हणजे घटनेने मान्य केलेल्या भाषांच्या यादीचं. तिथे बावीस भाषा आहेत, शेवटच्या चार, म्हणजे बोडो, डोगरी, मैथिली आणि संथाली, २००३ च्या घटनादुरुस्तीने आत आल्या. दुसरं दार म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाच्या योजनेचं. २०१३ पासून ती धोक्यातल्या भाषांचं दस्तावेजीकरण करते, पण अट अशी की बोलणारे दहा हजारांपेक्षा कमी हवेत. २०११ च्या जनगणनेत भिली म्हणून जो गट धरला आहे त्याचे भाषक आहेत १ कोटी ४ लाखांहून जास्त. धोडिया, गामीत, चौधरी, वसावा, भिलाली अशा कितीतरी भाषा त्या एका नावाखाली आहेत. अनुसूचीत नसलेल्या भाषांत हा गट सगळ्यात मोठा आहे. डोगरी बोलणारे त्याच जनगणनेत २६ लाखांच्या आसपास, बोडो १५ लाखांच्या आसपास. त्यांना जे मिळालं ते त्यांच्या हक्काचं आणि लढून मिळवलेलं, त्याबद्दल मनात काही नाही. पण आपल्या शेजाऱ्यांची भाषा संख्येने एवढी मोठी की धोक्यातल्यांच्या दारात उभं करत नाहीत, आणि गुजरात, मध्य प्रदेश, राजस्थान, महाराष्ट्र अशा चार राज्यांत विभागलेली, म्हणून तिला अनुसूचीपर्यंत नेणारं एकही राज्य तिला आपली म्हणत नाही. दोन्ही दारांच्या मधल्या अंगणात ती उभी आहे.

कायदा नाही असंही नाही. घटनेतलं अनुच्छेद ३५०-क १९५६ पासून आहे : भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा. २०२० च्या शिक्षण धोरणातही किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असं आहे, "जिथे शक्य असेल तिथे" एवढी पुस्ती जोडून. माझ्या नोकरीचा अनुभव सांगते, जिथे शक्य असेल तिथे करा असं लिहून आलेलं काम कोणाच्याच ड्यूटीत येत नाही.

आणि मनात आलं की सरकारला कसं जमतं ते आपण पाहिलं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुजरात विधानसभेने एकमताने कायदा केला, पहिली ते आठवी सगळ्या शाळांत गुजराती सक्तीची. चांगलंच केलं. इथे राहायचं तर गुजराती यायलाच हवी, माझ्या नातवंडांनाही. पण कवांटच्या सहा वर्षांच्या मुलासमोर तीच गुजराती मातृभाषा म्हणून ठेवली जाते. त्याला एकाच वेळी अक्षर ओळखायचं असतं आणि ज्या शब्दाचं ते अक्षर आहे तो शब्दही पहिल्यांदाच ऐकायचा असतो. "क कमळाचा" म्हणताना आपल्या पोरांना कमळ आधीच माहीत होतं. त्या पोराला बाई काय म्हणाल्या हेच कळत नाही, आणि शेरा बसतो, "अभ्यासात कच्चा."

ओडिशाने हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने हाताळला. २००६-०७ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांपासून सुरुवात केली, पुढे ती संख्या एकवीसवर नेली. लहान वर्गांची पुस्तकं त्या भाषांत केली आणि ती भाषा येणारी माणसं शाळेत शिकवायला घेतली. न्यूझीलंडमध्ये १९८२ साली माओरी आज्यांनी बालवाड्या काढल्या, नियम एकच, आत फक्त माओरी बोलायची. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, सरकारने माओरीला अधिकृत भाषा केलं. आधी आजी, मग कायदा. आपल्याकडे आज्या आहेत. त्या आपल्याच शहरात रस्त्याच्या कडेला, आई-बाप कामावर असताना नातवंडं सांभाळत बसलेल्या असतात.

या बाबतीत बडोद्याने काही केलंच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. गणेश देवी हे आपलेच मराठी माणूस. विद्यापीठातलं इंग्रजीचं अध्यापन सोडून त्यांनी १९९६ मध्ये इथे भाषा संशोधन व प्रकाशन केंद्र काढलं, तेजगढला आदिवासी अकादमी उभी केली, आणि त्यांच्या लोकभाषा सर्वेक्षणाने देशभरात ७८० भाषा नोंदवल्या. गोष्टी, गाणी, शब्द यांचं मोठं काम झालं. पण संस्था संग्रह करू शकते, माणसं घडवू शकते. शिक्षकाचं पद मंजूर करणं आणि इस्पितळात दुभाष्याची जागा भरणं हे सरकारनेच करायचं काम आहे.

तुम्ही विचाराल, मग यात आपण मराठी माणसांनी का पडायचं?

एक कारण महाराजांचं. आपण बोलताना सयाजीरावांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जात नाही, आणि ते योग्यच आहे. १८८५ मध्ये सोनगडला आदिवासी मुलांसाठी वसतिगृह, १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, त्या काळात कोणी केलं होतं हे? कारभाराच्या भाषेचीही त्यांनी केवढी आस्था ठेवली. १९३१ मध्ये "श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु" हा राज्यकारभाराचा कोश निघाला तो आठ भाषांतला : इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली. मी तो कोश वाचनालयात हातात घेतला आहे आणि अभिमानाने छाती भरून आली होती. पण मासी भेटल्यानंतर तीच यादी पुन्हा आठवली. फारसी आहे, बंगाली आहे. राज्याच्या जंगलांत बोलली जाणारी एकही भाषा नाही. सोनगडच्या वसतिगृहातली मुलं कोणत्या भाषेत रडत असतील याची नोंद आपल्या राज्याने ठेवली नाही. महाराजांना कमी लेखण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांचं काम जिथे थांबलं तिथून पुढे नेणं आपल्याकडे लागतं, म्हणून लिहिते.

दुसरं कारण आपल्या दुखण्याचं. १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं, १९६० मध्ये गुजरात राज्य झालं, आणि आपली भाषा दरबारातून घरात आली. मराठी शाळांचे वर्ग कमी होत गेले. मी ज्या वर्गात शिकले तिथे आता मराठी ऐकू येत नाही. नातू "आजी, तू कुठे जातेस" ऐवजी "आजी, तू क्यां जाय छे" म्हणतो तेव्हा पोटात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. या शहरात भाषा हातातून निसटताना काय वाटतं हे कोणाला कळत असेल तर ते आपल्याला. तरीही एक फरक आहे, आणि तो मोठा आहे. बडोद्यातली मराठी उद्या संपली तरी पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरात मराठी चालूच राहील. ८ कोटी ३० लाख माणसं बोलतात ती. राठवीला दुसरं पुणं नाही. ती कवांटमध्ये गेली की गेली.

"ती बोली आहे, भाषा कुठे?" असं म्हणणारे आपल्यातच पुष्कळ आहेत. त्यांना एवढंच सांगते की ज्ञानेश्वरांच्या काळी संस्कृत पंडित मराठीबद्दल हेच म्हणत होते, आणि त्यावर आपण गेली सातशे वर्षं अभिमानाने उत्तर देत आलो आहोत. तेच उत्तर इथेही लागू आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो. तो मला वॉर्डातल्याच एका राठवा बापाने ऐकवला. म्हणाला, "सिस्टर, माझं पोर गुजराती शिकलं नाही तर बसच्या कंडक्टरशी काय बोलेल? राठवी शिकवून त्याला परत डोंगरात पाठवायचंय का?" त्याच्यापुढे मी गप्प बसले. त्याचं म्हणणं त्याच्या आयुष्यातून आलेलं होतं, राठवीने त्याला कधीच काही मिळवून दिलं नव्हतं. म्हणूनच मी पगारावर अडून बसले आहे. गावातल्या शाळेत राठवी येणारी ताई महिन्याच्या महिन्याला पगार घेताना त्या बापाला दिसली, ती पोरांना राठवीतून गुजरातीकडे हात धरून नेताना दिसली, तर त्याला ती भाषा ओझं वाटणार नाही. पोराची गुजरातीही पक्की होईल, कारण आधी काहीतरी समजलेलं असेल.

तेव्हा माझी विनंती अशी. तुम्ही सगळ्या मंडळांनी मिळून एका निवेदनावर सह्या करा. ते शिक्षण, आरोग्य आणि आदिजाती विकास या तिन्ही खात्यांना द्यायचं. मागायचं ते पद. छोटा उदेपूर जिल्ह्यातल्या अंगणवाड्यांत आणि पहिली-दुसरीत राठवी येणारी स्थानिक ताई किंवा दादा, मानधनावर नव्हे, पगारावर. छोटा उदेपूरच्या आणि बडोद्याच्या सरकारी इस्पितळांत दिवसपाळी आणि रात्रपाळीला राठवी येणारा एकेक माणूस, ज्याच्या नेमणूकपत्रावर तेच काम लिहिलेलं असेल. आणि येत्या जनगणनेत, जी १ मार्च २०२७ ही तारीख धरून होणार आहे, मातृभाषेच्या रकान्यात माणूस सांगेल ते नाव लिहावं, मोजणाऱ्याने आपल्या मनाने "गुजराती" लिहू नये, अशी सूचना राठवा गावांत जाणाऱ्या कर्मचाऱ्यांना द्यावी. निवेदनाचा मसुदा राठवा मंडळींनी करावा, आपण फक्त सोबत उभं राहावं. त्यांच्या वतीने बोलायचा अधिकार आपल्याला नाही. आपल्याकडे सभागृहं आहेत, ओळखी आहेत, अर्ज कसा पुढे सरकवायचा याची सवय आहे. ते द्यावं.

आणखी एक मागते. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम तुमच्यापैकी प्रत्येक जण करतो. त्यातली पंधरा मिनिटं मला द्या. मासी अजून आहेत, गुडघे दुखतात पण येतील, मी विचारलं आहे. त्या आईला पाण्याचं माप कसं समजावलं ते त्या राठवीतच सांगतील. त्या सांगतील ते मासींचा भाचा गुजरातीत करील, आणि गुजरातीवरून मराठी मी करीन. कोणत्या मंडळात आधी यायचं तेवढं कळवा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
दांडिया बझार, बडोदे